यांचा सेट

रविवारी सकाळी नऊ वाजता मयुरा 'इतर' होऊन जायची.

आठवड्याचे बाकी सगळे दिवस तिला नाव होतं, पत्ता होता, झाशीच्या प्रेम नगरात काका-काकूंच्या घरी स्वतःची खोली होती आणि एका खाजगी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरी होती. तिथं ती पोरांना दिवसभर सांगायची की बेटा, मॅग्नेट खिशात घालून घरी न्यायचा नसतो. पण रविवारी नऊला मराठी कट्टा भरायचा, ग्वाल्हेरचे दिवाकरराव हजेरी घ्यायला बसायचे, आणि इंदूर, बडोदा, हैदराबाद, तंजावर असं करत करत शेवटी घसा साफ करून म्हणायचे, "ग्वाल्हेर, आणि इतर."

इतर म्हणजे झाशी. झाशी म्हणजे मयुरा.

कट्टा म्हणजे खरा कट्टा नव्हे. बसायला तिथं काही नव्हतं. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेली, महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसं डिजिटल रेडिओवर जमायची आणि एकमेकांना विचारायची की आवाज येतोय का. आवाज येतोय हे पक्कं झालं की आपापल्या गावचं हवामान सांगायची. सगळ्यांचं हवामान सांगून झालं की कट्टा संपायचा. एवढ्यासाठी लोक परीक्षा देतात, सरकारी परवाना काढतात आणि पोलीस घरी चौकशीला आले की त्यांना चहा पाजतात, यावर शेजारच्या दुबे आंटींचा अजून विश्वास बसला नव्हता.

व्यवस्था अशी होती. हातातला सेट घरातल्याच एका डबीशी बोलायचा. डबीला हॉटस्पॉट म्हणतात. ती सुपारीच्या डब्याएवढी असते आणि तिला शेंडीसारखा अँटेना असतो. डबी तुमचा आवाज घरच्या इंटरनेटवर चढवते आणि जे कोणी त्याच टॉकग्रुपवर, म्हणजे त्याच वाहिनीवर, कान लावून बसले असतील, त्यांच्या सेटमधून तो बाहेर पडतो, मग ते बडोद्याला असोत की बोस्टनला. प्रत्येक सेटला एक नंबर दिलेला असतो, त्यामुळं बटण दाबलंत की तुमचं नाव आणि गाव सगळ्यांच्या पडद्यावर उमटतं. आणि एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दुसऱ्यानं मध्येच बटण दाबलं तर त्याचा सेट 'टूंक' करून त्याला गप्प बसवतो. मराठी माणसांच्या बैठकीत अशी सोय याआधी कधी झाली नव्हती.

मयुरानं पहिल्यांदा "झाशीहून बोलतेय" म्हटलं, तेव्हा निम्म्या कट्ट्यानं ओळीनं "देणार नाही, देणार नाही" म्हणून हसून घेतलं. उरलेल्या निम्म्यांनी सांगितलं की आमची गाडी तिथं थांबली होती, पण आम्ही झोपलो होतो. झाशीबद्दल देशाला एवढंच ठाऊक आहे, एक वाक्य आणि एक प्लॅटफॉर्म, तोही झोपेत बघितलेला.

आणि आता दिवाकरराव खरंच झाशी देत नव्हते.

"नियम म्हणजे नियम, मयुराताई," ते म्हणायचे. दिवाकरराव ग्वाल्हेरला जिल्हा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "गावात एकच परवानाधारक असेल तर तो 'इतर'. दोन असतील तर हजेरीत गावाचं नाव. तीन असतील तर गावाला स्वतःचा रविवार. तुमचे किती?"

"सध्या मी."

"मग बसा."

स्वतःचा रविवार म्हणजे त्या दिवशी कट्टा त्या गावानं चालवायचा. हजेरी त्यांनी घ्यायची, कोण आधी बोलणार ते त्यांनी ठरवायचं. मयुराला तो रविवार हवा होता. इतका हवा होता की आपण काय बोलायचं ते तिनं आंघोळ करताना पाठ करून ठेवलं होतं. ती सगळी गावं घेणार होती, अगदी प्रेमानं, आणि शेवटी घसा साफ करून म्हणणार होती, "झाशी, आणि इतर." इतर कोण, तेही तिचं ठरलेलं होतं.

पुढच्या वर्षभराच्या पाळ्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी लागायच्या होत्या. त्या दिवशी तीन आवाज हवे होते. तेही स्वतःच्या तोंडचे, कारण मागच्या वर्षी एका गावानं एकाच माणसाचे तीन आवाज काढून दाखवले होते. त्यातला तिसरा, बाईचा, इतका गोड होता की हैदराबादहून स्थळ आलं. तेव्हापासून दिवाकरराव फार काटेकोर झाले होते.

मयुरा माणसं शोधायला लागली. पहिला सापडला सलील, समथरच्या बँकेत कारकून. समथर झाशी जिल्ह्यातच येतं, म्हणून तो चालणार होता. "दीदी, मी आहे ना," सलील म्हणाला, "टेन्शन कशाला घेऊन राहिलीस?"

दुसरे घरातच होते. विश्वंभरकाका रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात पूर्ण नोकरी करून घरी बसले होते, आणि घरी बसले म्हणजे गच्चीवर बसले होते. पाण्याच्या टाकीपासून समोरच्या खांबापर्यंत त्यांनी एक तार ताणली होती. त्या तारेवर ते कानाला हेडफोन लावून दूरदेशीची खरखर ऐकायचे आणि त्याच तारेवर माकडं झोके घ्यायची. खरखरीतून कधी चिलीचा माणूस यायचा, कधी माकड. काकांना दोन्हींची सवय होती.

डिजिटल सेट काकांकडेही होता. मोठ्या हौसेनं घेतला होता. मग मधे इंटरनेट आहे हे कळलं त्या दिवशी त्यांनी तो कपाटात, हिवाळी मोज्यांशेजारी ठेवून दिला.

"काका, फक्त एक वाक्य बोला. माझ्यासाठी."

"अगं, तो रेडिओ नाही. माझा आवाज या खोलीतून त्या डबीपर्यंत जातो, चार पावलं. पुढचा सगळा रस्ता इंटरनेटचा. म्हणजे घरून फाटकापर्यंत पायी जायचं, तिथून बसनं कानपूर गाठायचं आणि लोकांना सांगायचं, मी कानपूरला चालत आलो." काकांनी पक्कड उचलली. "मी खोटं बोलत नाही."

"मग सेट तरी द्या."

"ने की. फोन कुणीही वापरावा."

तिसऱ्या होत्या वसुंधराकाकू. हे सगळ्यांच्या लक्षातून गेलं होतं, काकूंच्या स्वतःच्याही. झालं होतं असं, की परीक्षेसाठी काका एकटे अभ्यासाला बसेनात, म्हणून काकूंनी पोळ्या लाटता लाटता पुस्तकातून त्यांना प्रश्न विचारायचे असं ठरलं. काकूंनी महिनाभर प्रश्न विचारले. उत्तर चुकलं की लाटणं वाजवलं. मयुरानं गंमत म्हणून काकूंचाही अर्ज भरून टाकला. नाहीतरी परीक्षेच्या दिवशी काकांचा डबा घेऊन त्या जाणारच होत्या. निकाल लागला. काका पास झाले. काकू जास्त पास झाल्या.

"बोलेन की," काकू म्हणाल्या. "परवाना काढून ठेवलाय, वापरला नाही तर खराब होईल. कधी आहे? नऊला? बरं, मटार सोलायला घेऊन बसते."

एकच अडचण होती. काकूंच्या नावाचा सेटनंबर अजून आला नव्हता. परवान्याबरोबर मिळणारं अक्षर-आकड्यांचं कॉलसाइन त्यांचं स्वतःचं होतं, पण सेट काकांचाच वापरावा लागणार होता. मयुराला यात काही बिघडेलसं वाटलं नाही. ती नव्या पिढीची होती, आणि काकू आपल्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे तिला इतकं माहीत होतं की ते लक्षातच राहिलं नव्हतं.

काकू नाव घ्यायच्या नाहीत म्हणजे अजिबात घ्यायच्या नाहीत. बँकेत कुणी "पति का नाम?" विचारलं की त्या आधार कार्ड पुढं करायच्या. सिलेंडरवाला "किसके नाम पे है?" म्हणाला की दारावरच्या पाटीकडे बोट. फोनमध्ये काकांचा नंबर 'घरचे' या नावानं होता. वर्ल्ड कपला मराठी बातम्यांत जे म्हणतात ते त्यांना म्हणता यायचं नाही, म्हणून त्या 'जगाचा कप' म्हणायच्या. 'विश्वास' हा शब्दही त्यांनी लग्नानंतर सोडला. त्याऐवजी 'भरवसा' धरला होता, पण त्यातही नावाचा मागचा अर्धा भाग निघाला, तेव्हा तोही सोडून 'खात्री'वर आल्या. माहेरी असंच होतं, सासरीही असंच होतं, आणि काकांनाही कधी आपल्याला नाव आहे याची घरात गरज पडली नव्हती. "अहो" म्हटलं की ते यायचे.

रविवार उजाडला. काका चहा घेऊन गच्चीवर गेले. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसल्या, पुढ्यात मटारांची रास, मांडीवर काकांचा सेट. मयुरा समोर स्वतःचा सेट घेऊन बसली. नऊला दिवाकररावांचा आवाज आला, आणि मयुरानं आपली हजेरी दिली.

"झाशीहून आज आणखी आहेत, सर," ती म्हणाली. "टोटल तीन."

"बघू," दिवाकरराव म्हणाले. "पुढचं स्टेशन."

पुढचं स्टेशन सलील होतं. समथरला त्या दिवशी बाजार भरला होता. सगळा बाजार मोबाइलवर व्हिडिओ बघत होता आणि त्यातून जे इंटरनेट उरलं, त्यावरून सलीलचा आवाज येत होता.

"नम... टर्र... झा... टरर्र... लील... टूंई."

"कोण आहे?" दिवाकरराव म्हणाले. "माणूस आहे का?"

सलीलनं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी बादलीत बेडूक पडल्यासारखा आवाज आला आणि बेडूक फार दुःखी वाटला. तिसऱ्या खेपेला नुसतीच बादली आली. मग मयुराचा साधा फोन वाजला.

"दीदी, मी खिडकीत उभा आहे," सलील म्हणाला. "रेंज बाहेर आहे. अजून पुढं गेलो तर मीही बाहेर."

"नको, आत ये," मयुरा म्हणाली. "समथरची नोंद होऊ शकत नाही," तिकडे दिवाकरराव सांगत होते. "बेडकाला परवाना नसतो."

म्हणजे रविवार गेला. आता उरलं फक्त नाव, आणि नावासाठी उरल्या काकू.

"मग मी बोलू की नको?" काकूंनी विचारलं.

"बोल काकू. निदान नाव तरी लागू दे."

काकूंनी बटण दाबलं, सेट तोंडासमोर धरला, अगदी पुस्तकात दिला होता तसा, आणि कॉलसाइन सतराचा पाढा म्हणावा तसं घडाघडा म्हणून टाकलं. "झाशी. नमस्कार. आवाज येतोय का? मयु, हे दाबूनच ठेवायचं का गो? अगो, ते दूध बघ."

झाशीत गॅसवर दूध आहे ही बातमी त्याच क्षणी बोस्टनपर्यंत पोचली. मयुरानं सोड, सोड अशा खुणा केल्या. काकूंनी बटण सोडलं.

"नमस्कार," दिवाकरराव म्हणाले. "आवाज स्वच्छ. पण आमच्या पडद्यावर नाव दिसतंय 'विश्वंभर, झाशी', आणि आवाज बाईमाणसाचा आहे. विश्वंभर आपणच का?"

"मी कशी असेन?" काकू म्हणाल्या. "ते गच्चीवर आहेत."

"कोण?"

"तुम्ही आता नाव घेतलंत ते."

"बरं. मग हा सेट कुणाचा?"

"यांचा."

"यांचा म्हणजे?"

"आमच्या यांचा."

मयुरानं घाईनं आपलं बटण दाबलं. "सर, सॉरी, काकूचा नंबर अजून आला नाही ना, म्हणून विश्वंभरकाकांचा सेट..."

"मयुराताई, तुम्ही नाही," दिवाकररावांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "सेट उसना असेल तर बोलणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं मालकाचं नाव सांगायचं. मागच्या वर्षीचा प्रकार आपण विसरलेलो नाही. हैदराबाद तर मुळीच विसरलेलं नाही."

"नाही विसरलो," हैदराबादहून एक खिन्न आवाज आला.

काकूंनी मटाराची एक शेंग उगाचच दोनदा सोलली. मग बटण दाबलं. "तुमच्या पडद्यावर लिहिलंय ना? तेच नाव."

"पडद्यावर काय आहे ते मला माहीत आहे. ते तुम्हाला माहीत आहे का, हे मला माहीत व्हायला पाहिजे."

"बरं, अर्थ सांगते. जगाचं पोट भरणारा, असा अर्थ होतो. पोळ्या घरात मीच करते, ते वेगळं."

यावर कट्ट्यात एकदम जीव आला. नाव प्रत्येकाच्या पडद्यावर दिसत होतं, पण कोडं आहे म्हटल्यावर लोक सोडवायला बसले. इंदूरचे "जगन्नाथ?" म्हणाले. हैदराबादहून "केटरर" असं उत्तर आलं. तंजावरच्या एका आजोबांनी त्यांच्या जुन्या, डुलत्या मराठीत विचारलं की पहिलं अक्षर सांगता येईल काय. काकू म्हणाल्या, पहिलं अक्षर घेतलं तर बाकीची कितीशी लांब राहतात?

"वहिनी," बडोद्याचे जनार्दन म्हणाले. दुधाच्या डेअरीत नोकरी करणारे हे जनार्दन कट्ट्यावरचे सगळ्यात सालस गृहस्थ होते. "दिवाकरराव, सोडा की. वहिनींना संकोच वाटतोय."

"मी कुणाला धरलेलं नाही. नियमानं धरलंय." दिवाकररावांनी घसा साफ केला. "वेळ होत आली. हजेरी पुरी करतो. इंदूर, चार. बडोदा, पाच. हैदराबाद, तीन. तंजावर, तीन. ग्वाल्हेर, आणि इतर."

काकूंचे हात थांबले.

"इतर कोण गो?" त्यांनी मयुराला विचारलं.

"आपण, काकू."

"आपण इतर?"

"दर रविवारी."

"आणि हे तू आज सांगतेस?" काकूंनी मटारांची परात बाजूला सरकवली. पदर खांद्यावरून नीट घेतला, म्हणजे रेडिओवर दिसतं तितपत नीट. त्या एकदम ताठ बसल्या, आणि मयुराला वाटलं की आता ग्वाल्हेरचं काही खरं नाही. बटण दाबलं गेलं. काकूंनी कॉलसाइन म्हटलं, एक श्वास घेतला, आणि मग लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा खणखणीत आवाज लावला:

"ग्वाल्हेरच्या हजेरीत झाशीला जागा मिळेना,
विश्वंभररावांचा सेट आहे, आता तरी पटेल ना!"

आणि बटण सोडून दिलं.

क्षणभरानं तोच आवाज मयुराच्या सेटमधून पुन्हा आला, कारण तो मधल्या काळात इंटरनेटवरून कुठंतरी जाऊन आला होता. काकूंनी स्वतःच्या तोंडून निघालेलं ते नाव बाहेरून ऐकलं आणि त्या लाल झाल्या. मग कट्टा फुटला. एका वेळी एकच माणूस बोलू शकत असल्यामुळं सगळ्यांनी एकदम बटणं दाबली आणि देशभर नुसतं टूंक, टूंक, टूंक झालं असणार. जो कोणी त्यातून सुटला तो "वाहवा" एवढंच म्हणून पुन्हा टूंक व्हायचा. शेवटी ग्वाल्हेरला वाट मिळाली.

"नोंद केली," दिवाकरराव म्हणाले. त्यांचा आवाज थोडा गडबडला होता. "इतर रद्द. झाशी, दोन." आणि ते बटण सोडणार, इतक्यात त्यांच्या मागून, घरातूनच, एका बाईंचा आवाज आला: "अहो, ऐकलंत का? आता तुम्ही माझं नाव घेऊन दाखवा बघू! स्नेहलता आहे, विसरला असाल तर!"

ग्वाल्हेरचं बटण फार घाईनं सुटलं.

मयुरा उठून काकूंच्या गळ्यात पडली. झाशी, दोन. रविवार नव्हता, पण नाव होतं. काकू म्हणत होत्या, अगो सोड, मटार सांडतील, आणि खूश होऊन पुन्हा परातीकडे वळल्या होत्या. त्याच वेळी जनार्दन म्हणाले, "वहिनी, मी दर रविवारी सगळा कट्टा रेकॉर्ड करतो. कशासाठी, ते आज कळलं. परत ऐका." त्यांनी रेकॉर्डिंग सेटजवळ धरून लावलं.

आणि पक्कड घेऊन खाली आलेले काका दारातच उभे राहिले.

मयुराच्या सेटमधून त्यांच्या बायकोचा आवाज आला आणि त्या आवाजातून त्यांचं नाव आलं. 'राव' लावून.

"हे कोण बोललं?" काकांनी विचारलं.

"कोण जाणे," काकू शेंगेकडे बघत म्हणाल्या. "रेडिओ आहे, त्यात काहीही येतं."

"माझं नाव घेतलं कुणीतरी."

"असतील तुमच्या नावाचे दुसरे."

काका वाकले. सेटच्या छोट्या पडद्यावर अजून 'जनार्दन, बडोदा' दिसत होतं. "या जनार्दनाचा आवाज इतका बायकी आहे?"

"डेअरीत आहेत," काकू म्हणाल्या.

"काका," मयुरा म्हणाली, "काकूनं उखाणा घेतला. ऑन एअर. सगळ्या इंडियासमोर."

काका काकूंकडे बघत राहिले. चिलीचा माणूस सापडला तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. "मग मी कुठं होतो?"

"गच्चीवर. खऱ्या रेडिओजवळ," काकू म्हणाल्या.

"पुन्हा घे बघू."

"एकदा झालं."

"अगं, मी ऐकलंच नाही नीट. मधूनच आलो."

"मग वेळेवर यायचं."

काका तिथंच उभे राहिले. गच्चीवर माकडांनी तारेवर झोके घ्यायला सुरुवात केल्याचं ऐकू येत होतं, पण त्यांनी वर बघितलं नाही. मग त्यांनी पक्कड खिडकीत ठेवली, हात लेंग्याला पुसले, काकूंच्या मांडीवरून आपला सेट उचलला आणि दोन बोटांत धरला, जसा कुणी दुसऱ्याचा चष्मा धरतो. काहीही बोललं तर ते परत ठेवतील, हे मयुराला ठाऊक होतं.

काकांनी बटण दाबलं. स्वतःचं कॉलसाइन सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. "विश्वंभर बोलतोय. झाशी."

"पडद्यावर विश्वंभर," दिवाकरराव हळूच म्हणाले, "आणि आवाजही पुरुषाचा. आज पहिल्यांदा झाशीचं काहीतरी जुळलं. नमस्कार विश्वंभरराव. नोंद केली. झाशी, तीन."

मयुरानं जी किंकाळी मारली ती दुबे आंटींना भिंतीपलीकडे ऐकू गेली आणि त्यांनी तिकडून विचारलं, "का भओ बिटिया, छिपकली है का?"

"नहीं आंटी, इतवार मिल गया!"

"सबको मिलत है," आंटी म्हणाल्या.

"तेव्हा नियमाप्रमाणं झाशीला स्वतःचा रविवार देण्यात येत आहे," दिवाकरराव सांगत होते. "मार्चमधले दोन मोकळे आहेत, दुसरा आणि चौथा. झाशीनं कुठला ते आत्ताच सांगावं, म्हणजे पाळ्या पक्क्या होतील."

"ते रविवारचं तुम्ही मयुराशी बोला," काका म्हणाले. "बडोदा, तुम्ही आहात का? मघाशी जे लावलंत ते पुन्हा लावता का? इथं आवाज जरा फुटला."

आवाज फुटला नव्हता. घरातलं इंटरनेट ठणठणीत होतं आणि जनार्दनांचं रेकॉर्डिंग समोर बसून बोलल्यासारखं स्वच्छ आलं होतं. जनार्दनांनी लावलं. काकांनी सेट कानाशी नेला आणि डोळे मिटून ऐकलं. काकू "दूध बघते" म्हणून आत गेल्या. दूध मयुरानं केव्हाच उतरवून ठेवलं होतं.

"पुन्हा फुटला," काका म्हणाले. "शेवटी शेवटी."

"आमच्याकडं तर खणखणीत आला," ग्वाल्हेर म्हणालं.

"तुमच्याकडं येईल. बडोदा, जरा फोन माइकच्या जवळ धरा. आणि सुरुवातीपासून."

मयुरानं बटण दाबलं. टूंक. काकांचं चालू होतं. त्यांनी सोडल्यावर तिनं पुन्हा दाबलं, पण तेवढ्यात जनार्दन आले. टूंक.

"दुसरा घे गो," काकू आतून ओरडल्या. "चौथ्याला माझ्याकडं पाहुणे आहेत."

"काकू, लाइन मिळाली तर सांगू ना!"

"झाशी, रविवार कुठला?" दिवाकररावांनी विचारलं. "झाशी?" मयुरानं दाबलं. टूंक. काका बडोद्याला विचारत होते की हे रेकॉर्डिंग घरी पाठवायचं असेल तर कसं पाठवतात, आणि ते किती वर्षं टिकतं.

शेवटी मयुरानं सेट खाली ठेवला आणि साधा फोन उचलून ग्वाल्हेरला लावला.

"सर, मी मयुरा. दुसरा रविवार. मार्चचा दुसरा."

"रेडिओवर सांगा, मयुराताई," दिवाकरराव म्हणाले. "फोनवरचं धरत नाही."

मयुरानं काकांकडं बघितलं. काका पाटावर बसले होते, काकूंच्या जागी. एका हातानं मटार सोलत होते, तेही टरफलं परातीत आणि दाणे बाहेर, आणि दुसऱ्या हातात सेट होता.

"हं," ते बडोद्याला म्हणाले, "लावा."